आधी ऐका, मग बोला



थोडक्यात जो विश्वासू, त्याच्यावरच मोठे काम सोपवता येते, असे प्रभू येशू आपल्याला शिकवतो (लूक १६:१०). या शिकवणुकीचा विचार आज आम्ही हौशी रेडिओचालकांच्या उदाहरणावरून करणार आहोत.

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा गाणी-बातम्यांचा रेडिओ नव्हे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेली माणसे बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलतात. बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येते. या यंत्राला टेलिफोनची तार लागत नाही की मोबाईलचा टॉवर लागत नाही. ते बॅटरीवरही चालते. मात्र या कामाचा मोबदला घेण्यास मनाई आहे.

मकरसंक्रांतीला पश्चिम बंगालमध्ये गंगासागरचा मेळा भरतो. तेथे वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लबचे स्वयंसेवक हरवलेल्या यात्रेकरूंना त्यांच्या घरच्यांशी जोडून देतात. मेळा हीच त्यांची सेवा आणि हाच त्यांचा सराव.

सरावाचे मोल संकटात कळते. आदिलाबादमार्गे आपल्याला जवळ असलेल्या हैदराबादेत १९८३ पासून राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था आहे. डिसेंबर २००४ मध्ये या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या पथकासह अंदमानात होत्या. तेथून जगभरच्या रेडिओचालकांशी बोलावे, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि टेलिफोन बंद पडले. तेव्हा पथकाने छंद बाजूला ठेवून तीच यंत्रे संकटग्रस्तांच्या कामी लावली. बेटांवरील आप्तांची खुशाली मुख्य भूमीवरच्या घरांना त्यांच्यामुळे कळू लागली.

संत थॉमस अक्विनास सद्गुणाला चांगली सवय म्हणतात. सवय ऐन वेळी उसनी आणता येत नाही. हॅम मंडळींची पहिली सवय ऐकण्याची असते. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून एक मध्यवर्ती केंद्र सर्वांना पाळीपाळीने बोलू देते, आणि जिवावरच्या संकटाचा निरोप आला की बाकीचे सगळे गप्प राहतात. बाळ शमुवेलही आधी ऐकायलाच शिकला (१ शमुवेल ३).

पोलंडचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे स्वतः हौशी रेडिओचालक होते. १९३८ मध्ये त्यांनी आपल्या मठात रेडिओ केंद्र सुरू केले. १९४१ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत एका बायकापोरे असलेल्या कैद्याच्या जागी त्यांनी मरण पत्करले. दुसऱ्याची हाक ऐकण्याची सवय त्यांना त्या क्षणी लागलेली नव्हती. ती आयुष्यभराची होती.

मुकुटबनमध्ये आपल्याकडे अशी यंत्रे नसतील, पण कान तर आहेत. सणाच्या गर्दीत म्हाताऱ्यांकडे व लेकरांकडे कोण पाहील? पावसाळ्यात रात्री-अपरात्री शेजाऱ्याच्या घरी दुखणे आले, तर कोण कोणाला उठवील? हे आधी ठरले पाहिजे. बैठकीत सगळेच बोलतात. काम वाटून घेताना मात्र शांतता पसरते.

मननासाठी प्रश्न:
१. या आठवड्यात आपण कोणाचे बोलणे मध्येच तोडले?
२. मोबदला किंवा नाव न मिळता कोणती लहान सेवा आपण नियमाने करू शकू?

हे प्रभो, आम्हाला ऐकणारे कान आणि तत्पर हात दे. आमेन.

आपले धर्मगुरू