नलेदीची फांदी

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गनजीक रायझिंग स्टार नावाची गुहा आहे. २०१३ साली तिच्या अंतर्भागातील दालनात मानवसदृश अस्थी आढळल्या. वाट इतकी चिंचोळी, की सडपातळ बांध्याच्या ६ संशोधिकांनी आत सरपटत जाऊन उत्खनन केले. किमान १५ व्यक्तींचे १५०० हून अधिक अवशेष हाती आले. या जातीस ‘होमो नलेदी’ म्हणतात. तिचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. तेव्हा ती फार प्राचीन असावी, असा तर्क होता. २०१७ साली कालनिर्णय झाला, तो अवघ्या २,३६,००० ते ३,३५,००० वर्षांपूर्वीचा! म्हणजे मोठ्या मेंदूचे मानव वावरत असताना हीही जात नांदत होती. आम्ही मात्र फळ्यावर वानरापासून मानवापर्यंत एकच सरळ रांग काढत आलो. यंदा ती पुसून शाखांचा वृक्ष काढला. नलेदीची जागा अद्याप अनिश्चित. तिची फांदी आम्ही खोडाला न जोडता सोडली आहे.