इंजिन पाठीमागे, मग रेडिएटर कोठे?

मोटारीचे इंजिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गाडीचा पुढचा भाग उभा राहतो. समोर जाळी, जाळीमागे रेडिएटर, त्यामागे पंखा आणि मग इंजिन, अशी ही ओळ ठरलेली. गाडी धावते, वारा जाळीतून आत शिरतो आणि पाणी थंड होते. परंतु इंजिन चालकाच्या पाठीमागे असेल तर रेडिएटर कोठे बसवावा? प्रश्न दिसायला लहान आहे, पण एखाद्या गाडीची वर्षभराची मेहनत त्यावर अवलंबून असू शकते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रांशी माझा संबंध यायचा तो हिशेबापुरताच, आणि तसाच तो आला. आपल्या जुळ्या शहरांतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले माझे काही मित्र ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेसाठी एका आसनाची गाडी बांधत आहेत. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या या स्पर्धेत गाडी नुसती पळवून भागत नाही. तिच्या खर्चाचा तपशीलही परीक्षकांपुढे मांडावा लागतो. तो तपशील कसा लिहावा हे सांगण्यासाठी मी त्यांच्या कार्यशाळेत जाऊ लागलो आणि रेडिएटरच्या वादात सापडलो.

या मित्रांची पूर्वीची गाडी ‘बाहा’ स्पर्धेसाठी होती. तिच्यात ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे 10 अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या बाजूस होते. सिलिंडरला पंख्यासारख्या पट्ट्या, त्यावर वाऱ्याचा झोत, की काम झाले. नव्या गाडीत त्याच जागी चाकणला तयार झालेले केटीएम 390 मोटारसायकलचे 373 घनसेंटिमीटरचे इंजिन बसणार आहे. त्याची शक्ती सुमारे 43 अश्वशक्ती, म्हणजे 32 किलोवॅट, आणि ते पाण्याने थंड होते. मोटारसायकलवर त्याचा रेडिएटर पुढच्या चाकामागे मोकळ्या वाऱ्यात असतो. गाडीत मात्र इंजिनापुढे चालक, त्याचे आसन आणि आगीपासून रक्षण करणारा पत्र्याचा पडदा येतो. वाऱ्याची वाटच बंद होते.

आता हिशेब पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची उष्णता ही जमा बाजू मानली, तर ढोबळ मानाने तिच्यातला एक तृतीयांश भाग चाके फिरवण्यात खर्च होतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेल्यापैकी बहुतेक भाग पाण्यात उतरतो. म्हणजे 32 किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोरात असताना सुमारे 30 किलोवॅट उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. वळणावळणाच्या मार्गावर सरासरी याहून कमी भरेल. पण रेडिएटर निवडावा तो कठीण क्षणाच्या हिशेबाने. रेडिएटरमधून जाताना हवा 30 अंशांनी तापते असे धरले, तर 30 किलोवॅट उष्णता नेण्यासाठी दर सेकंदाला एक किलो हवा लागते. उन्हाळ्यातल्या हवेचे हे सुमारे 0.9 घनमीटर होते. घरातले मोठे कपाट भरेल एवढी हवा दर सेकंदाला त्या जाळीतून गेली पाहिजे.

ही हवा ढकलणार कोण? गाडीचा वेग. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी 60 किलोमीटरला तो पाण्याच्या जेमतेम 16 मिलिमीटर उंचीइतका असतो आणि ताशी 30 ला केवळ 4 मिलिमीटर. इतक्या लहान भांडवलावर हा व्यवहार चालतो. म्हणूनच रेडिएटरचा आकार मोठा करण्याआधी त्याची जागा नीट निवडावी लागते.

मित्रांमध्ये दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, “अरे, गिअरबॉक्सच्या वर जागा मोकळीच आहे. नळ्या हातभर लागतील. खर्च कमी, वजनही कमी.” खर्चाच्या वहीत हा पक्ष जिंकतो. पण त्या जागी पोहोचणारा वारा चालकाच्या डोक्यावरून फाटून, घोटाळून येतो आणि वाटेत इंजिन व सायलेन्सरची ऊब घेतो. पाणी 95 अंश आणि बाहेरची हवा 35 अंश असेल तर दोघांत 60 अंशांचा फरक मिळतो. तीच हवा 50 अंशांची होऊन आली तर फरक उरतो 45 चा. म्हणजे पैसे पूर्ण रेडिएटरचे मोजले आणि त्यातला पाव भाग वाया गेला.

मोठ्या कारखान्यांनाही हा धडा शिकावा लागला आहे. झेकोस्लोव्हाकियातील स्कोडा कंपनीने 1964 च्या ‘1000 एमबी’ या गाडीत इंजिन आणि रेडिएटर दोन्ही मागे ठेवले होते. 1976 च्या नव्या गाड्यांत इंजिन मागेच राहिले, पण रेडिएटर पुढे नेला. फोक्सवॅगनच्या 1979 च्या व्हॅनमध्ये मागे हवेने थंड होणारे इंजिन होते. 1981 व 1982 मध्ये तिला पाण्याची इंजिने मिळाली तेव्हा रेडिएटर समोर आला आणि जमिनीखालून लांब नळ्या टाकाव्या लागल्या. पोर्शे 914 ही 1969 ते 1976 या काळातली मध्यभागी इंजिन असलेली गाडी. हौशी लोक तिच्यात पाण्याचे इंजिन बसवतात तेव्हा बहुधा रेडिएटर पुढच्या डिकीच्या जागी घालतात आणि तापलेली हवा बाहेर जावी म्हणून पत्रा कापतात.

रेडिएटर मागे ठेवता येतच नाही असे मात्र नव्हे. आपल्याकडची टाटा नॅनो, जिची विक्री 2009 मध्ये सुरू होऊन उत्पादन 2018 मध्ये थांबले, तिचे इंजिन मागे होते आणि मागच्या चाकांच्या पुढे दोन्ही बाजूंना हवेसाठी तोंडे काढलेली होती. आपण रोज ज्या ‘चिगरी’ बसने हुबळीहून धारवाडला जातो तिचेही इंजिन मागे आहे. बस थांब्यावर उभी असताना मागच्या अंगाची जाळी पाहावी. तेथे हवा आणण्याचे काम मोठा पंखा करतो. पण पंख्याला शक्ती लागते आणि 373 घनसेंटिमीटरच्या इंजिनाकडे ती फार नाही.

पुढच्या नाकाडात रेडिएटर ठेवला तर गरम पाण्याच्या नळ्या चालकाजवळून न्याव्या लागतात. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पाण्याची व्यवस्था आणि चालक यांच्यामध्ये पडदा हवा. म्हणून या प्रकारच्या गाड्यांत बहुधा चालकाच्या बगलेला, चाकांच्या मधल्या जागेत रेडिएटर ठेवतात. तेथे ताजी हवा मिळते आणि नळ्याही फार लांबत नाहीत.

पण नुसते बगलेला टांगून चालत नाही. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना आम्ही आराखडा दाखवला. त्यांनी आत येणाऱ्या तोंडाकडे पाहिलेही नाही, मागच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, “गाळी होगाक दारी बेकु.” वाऱ्याला जायला वाट पाहिजे! आत आलेली हवा बाहेर पडली नाही तर नवी हवा येणार कशी? शिवाय कडेच्या फटी बंद केल्या नाहीत तर हवा रेडिएटर टाळून सोप्या वाटेने निसटते. भरण्याचे तोंड सर्वांत उंच हवे, नाहीतर पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि पाण्याचे फिरणे थांबते.

या साऱ्याची कसोटी लागते ती शेवटच्या, सर्वाधिक गुणांच्या शर्यतीत. अंतर सुमारे 22 किलोमीटर, म्हणजे साधारण हुबळी-धारवाड एवढेच. निम्म्या वाटेवर चालक बदलतो आणि त्या वेळी इंजिन बंद करावे लागते. इंजिन थांबले की त्याच्यावर चालणारा पंपही थांबतो; सिलिंडरची उष्णता मात्र पाण्यात उतरतच राहते. नियमाप्रमाणे पाणीही साधेच वापरायचे. त्या थांब्यावर पाणी उकळले आणि इंजिन पुन्हा सुरू झाले नाही, तर मित्रांच्या घरून आलेली वर्गणी, देणगीदारांचा पैसा आणि जागून काढलेल्या रात्री, सारे अकरा किलोमीटरवर संपते.

म्हणून मी खर्चाच्या वहीत दोन रकाने मांडून दिले. एका रकान्यात नळ्या, पत्र्याचा बोगदा, पंख्याभोवतीचे कडे आणि त्यांचे वजन. दुसऱ्या रकान्यात गाडी अर्ध्यावर थांबली तर बुडणारी रक्कम. दुसरा आकडा वाचल्यावर वाद फारसा उरला नाही. सांगाड्याच्या बगलेला रेडिएटरचे कान जोडायचे ठरले आहे. बाहेरची वाट आतल्या तोंडाहून मोठी ठेवायची, हेही आराखड्यात आले.

वाचक मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या गाडीत इंजिन बदलू पाहील, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू होते. परवानगीवाचून असा बदल करता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, रेडिएटरसाठी गाडीत मोकळी जागा शोधू नये. आधी वाऱ्याची येण्याची व जाण्याची वाट शोधावी. जागा त्या वाटेवरच सापडते.