पत आणि ऐपत

आज दोन शब्द नीट समजून घेऊ या. ऐपत म्हणजे आपल्याजवळ खर्च करायला किती आहे. पत म्हणजे आपल्या शब्दावर लोक किती विश्वास टाकतात. ऐपत वारशाने मिळते, नशिबानेही मिळते. पत मात्र रोजच्या वागण्यातून कमवावी लागते, आणि तीही दहा-वीस-पन्नास रुपयांच्या व्यवहारांत.

कशी ते बघा. चौघे मिळून रिक्षाने गेले, भाडे एकाने दिले. एक जण उतरल्या-उतरल्या आपला वाटा देतो. दुसरा म्हणतो, "नंतर देतो रे," आणि विसरतो. पन्नास रुपये कसे मागायचे, म्हणून देणारा गप्प बसतो. पण तो विसरत नाही. दोन-तीनदा असे झाले की मनात नोंद पक्की होते. पुढे खरोखरच दवाखान्यासाठी वीस हजार लागले, की तोच मित्र म्हणतो, "बघतो हं." आपल्याला वाटते, माणूस बदलला. त्याने आपला हिशेब केव्हाच करून ठेवलेला असतो.

बँकाही असेच पाहतात. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० असतो. त्यात पगार किती हे धरत नाहीत. कर्जाचे हप्ते आणि कार्डाचे बिल वेळेवर भरले का, हे बघतात. मोठा पगार असून हप्ते चुकवले तर स्कोअर घसरतो. म्हणजे तिथेही मोजतात ती पतच.

संत एकनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे ते हिशेबाचे काम पाहत. एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्रभर जागून चूक सापडली, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. एक पै पदरची घालून हिशेब जुळवता आला असता. पण दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब खराच लागला पाहिजे. आपल्या हातात भिशीचे, सोसायटीचे किंवा गणपतीच्या वर्गणीचे पैसे येतात तेव्हा हे आठवायचे. कोणी विचारण्याआधीच हिशेब ग्रुपवर टाकायचा. विचारल्यावर दिलेला हिशेब खरा असला, तरी लोकांच्या मनात शंका राहतेच.

आता देणाऱ्याची बाजू. उसने दिलेले चारचौघांत मागणे, केलेली मदत दहा जणांना सांगत फिरणे, यानेही माणूस लोकांच्या मनातून उतरतो. तुकोबांनी सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली, पण त्याआधी धाकट्या भावाचा निम्मा वाटा वेगळा काढून दिला, असे परंपरा सांगते. उदारपणा करायचा तो आपल्या वाट्यातून. मुलांच्या फीचे पैसे थकवून मित्रांना जेवण घालणारा बाहेर दिलदार म्हणवून घेतो, घरात मात्र त्याचा शब्द चालत नाही. तसेच भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायची आणि मॉलमध्ये छापील किंमत निमूट द्यायची, हे आपली मुले बघत असतात.

कोणी म्हणेल, हातात पैसेच नसतील तर? अडचणीचे दिवस कोणालाही येतात, त्यात लाज नाही. तारीख उलटायच्या आधी आपणच फोन करायचा : "दादा, या महिन्यात पूर्ण जमत नाही. पाचशे पाठवतो, उरलेले पुढच्या महिन्यात." उशीर लोक समजून घेतात. फोन न उचलणे, समोर दिसल्यावर रस्ता बदलणे, हे मात्र लक्षात ठेवतात. पैसे परत येतील एक दिवस, पण तोवर मामा-भाच्याचे, जावा-जावांचे बोलणे तुटलेले असते.

या आठवड्याचा अभ्यास :

१. कोणाचे किती देणे आहे ते वहीत लिहा. पाच-दहा रुपयेही लिहा.

२. त्यातले लहानात लहान देणे आजच, त्यांनी न मागता, देऊन टाका.

३. जे आत्ता फेडता येत नाही, त्या माणसाला फोन करून नवी तारीख सांगा. पाळता येईल तीच तारीख सांगा.

रविवारी घरातली सगळी मंडळी बसाल तेव्हा मुलांसमोर ही वही उघडा. व्यवहार कसा करायचा हे ती त्यातूनच शिकतील.