एकच वही, निरनिराळी पाने

आजीच्या स्वयंपाकाच्या वहीत चिकाच्या हलव्याची कृती असते आणि माशाच्या कालवणाचीही. वही एकच; पण सणाला एक पान उघडते, एरवी दुसरे. पेशींचेही तसेच. मेंदूच्या आणि कातडीच्या पेशीत जनुकांची वही एकच असते. कोणते पान उघडायचे, कोणते मिटलेले ठेवायचे, हे ठरवण्याला जनुक-नियंत्रण म्हणतात. त्यातून पेशीला आपले ठरावीक रूप आणि काम मिळते, ते पेशी-विभेदन.

या विषयात डॉ. शुभा टोळे यांनी मोलाचे काम केले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून त्या अमेरिकेत आल्या. कॅलटेकमध्ये पीएच.डी. केल्यावर त्यांनी शिकागो विद्यापीठात, म्हणजे आपल्या नेपरव्हिलहून तासाभराच्या वाटेवर, पुढचे संशोधन केले. १९९९ मध्ये मुंबईला परतून त्यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली.

२००८ साली त्यांच्या गटाचा एक शोध प्रसिद्ध झाला. उंदराच्या भ्रूणातील काही पेशींतून त्यांनी ‘एलएचएक्स-टू’ हे जनुक काढून टाकले. त्या पेशी मेंदूचे बाह्यक व्हायच्या होत्या. त्या झाल्या बाह्यकाची किनार. शेजारच्या पेशींना ‘हिप्पोकॅम्पस व्हा’ असा निरोप देणे हे या किनारीचे काम. त्यामुळे धडधाकट शेजारीही बदलले आणि एकाऐवजी अनेक हिप्पोकॅम्पस तयार झाले. हेच जनुक उशिरा काढले, तर असे होत नाही. तोवर पेशीची वाट ठरून गेलेली असते.

२०११ मध्ये याच गटाने दाखवले, की हे जनुक हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी घडवते आणि आधार देणाऱ्या ताराकृती पेशींना थोपवून धरते. एक पान उघडे ठेवायचे, तर दुसरे दाबून धरावे लागते.

नव्या आठवणी साठवायला हिप्पोकॅम्पस लागतो. अल्झायमरचा घाला त्यावर लवकर पडतो. या शोधातून औषध निघालेले नाही. पण एखादी गोष्ट घडते कशी हे कळल्याशिवाय ती बिघडते कशी, हे नीट उमगत नाही.

डॉ. टोळे यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

शब्दार्थ
भ्रूण – जन्माआधीचा वाढता जीव
बाह्यक – मेंदूचा बाहेरचा थर
चेतापेशी – संदेश वाहणारी पेशी

प्रश्न
१. निरोगी शेजारी पेशी का बदलल्या?
२. जनुक उशिरा काढल्यास फरक का पडतो?
३. घरच्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीची एक आठवण विचारा आणि ती मराठीत पाच ओळींत लिहा.