शिकागो: सरोवराचं पाणी आणि भिंतीतला पाइप

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला आलेल्या पाहुण्यांना शिकागो भेटतं ते उन्हाळ्यात. नेव्ही पिअर गजबजलेला असतो, मिशिगन सरोवराच्या काठाने सायकली धावत असतात. 1893 मध्ये स्वामी विवेकानंद जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू पाहायला आपली माणसं आवर्जून जातात. हे सगळं पाहाच. पण इथे संसार मांडलेल्या मराठी घरांना शिकागोची खरी ओळख पटते ती डिसेंबर ते मार्चमध्ये.

हे शहर या सरोवराच्या पाण्यावर वाढलं. किनाऱ्याजवळचं पाणी सांडपाण्याने नासू लागलं, तेव्हा एलिस चेसब्रो या अभियंत्याने सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खणवला आणि 1867 पासून आतलं स्वच्छ पाणी शहराला मिळू लागलं. मिशिगन अव्हेन्यूवरचा वॉटर टॉवर त्याच काळातला. 1871 च्या महाआगीतून तो वाचला. सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून 1900 मध्ये शिकागो नदीचा प्रवाहच उलटा वळवला गेला. आज नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत, जिथे आपली बरीच कुटुंबं राहतात, नळाला हेच सरोवराचं पाणी येतं.

1969 मध्ये इथे महाराष्ट्र मंडळ सुरू झालं आणि 1981 मध्ये याच शहरात बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. त्या पहिल्या पिढीने 20 जानेवारी 1985 चा दिवस पाहिला: पारा उणे 33 अंश सेल्सिअस. पुढच्या पिढीने 30 जानेवारी 2019 ला उणे 31 सोसला. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातून येणाऱ्या आईवडिलांना गोठणं अगदीच अनोळखी नाही. सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं. पण ऊन वर आलं की ते विरघळतं. इथे दिवसेंदिवस पारा शून्याच्या वर येत नाही आणि थंडीला भिंतीच्या आत शिरायला, तिथल्या पाइपांपर्यंत पोहोचायला पुरेसा वेळ मिळतो.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पाइप मात्र बहुतेक वेळा बर्फ जिथे असतो तिथेच फुटत नाही. बर्फाचं बूच वाढत जातं, बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि कमजोर जागा उसवते. म्हणूनच कडक थंडीच्या रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवायला सांगतात: दाबाला वाट मिळते. या विषयावरचं महत्त्वाचं संशोधन आपल्याच राज्यात, इलिनॉय विद्यापीठात झालं. उघड्या माळ्यावरचे, काही न गुंडाळलेले पाइप बाहेरचं तापमान 20 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 7 सेल्सिअसच्या आसपास उतरलं की धोक्यात येतात, असं त्यात दिसलं. ऊबदार प्रांतांतल्या घरांना हा धोका जास्त, कारण तिथे पाइप सर्रास उघड्यावरून नेलेले असतात. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या बांधवांनी ते भोगलं.

आता पाइप गुंडाळण्याबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात फोमची, लांबीत चिरलेली नळी मिळते. ती पाइपच्या बाहेरच्या मापाची घ्यावी. तांब्याचा अर्ध्या इंची म्हणवला जाणारा पाइप बाहेरून पाच अष्टमांश इंच भरतो. सांधे टेपने बंद करावेत, कोपऱ्यावर तिरपा काप द्यावा. उघडं राहतं ते बहुधा वळणच. गरम पाण्याचा पाइपही सोडू नये, तोही गोठतो. पण मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे की फोम ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब जायला उशीर लावतो. त्यामुळे आधी वाऱ्याची फट शोधा. पायाच्या भिंतीवर लाकडी चौकट टेकते तिथे किंवा केबल आत येते त्या भोकातून शिरणारी झुळूक पाइपला थेट लागत असेल, तर फोम किती तग धरणार? बाहेरच्या भिंतीतल्या पाइपच्या बाबतीत इन्सुलेशन पाइप आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये हवं. खोलीच्या बाजूने भरलं तर घराची ऊबच पाइपपर्यंत पोहोचत नाही. स्वयंपाकघरातलं सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर त्याखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवावीत. अंगणातल्या नळाचा होज दिवाळीच्या सुमारासच काढून ठेवावा, नाहीतर आपोआप रिकामा होणारा नळही आत पाणी धरून बसतो.

आपल्या घरांना आणखी एक धोका असतो: डिसेंबरच्या सुट्टीत सगळे भारतात जातात. घराचं तापमान 55 फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका, मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या. पाइप गोठलाच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाकडून मागे शेकत जा. ज्योत कधीच लावू नका.

आणि हिवाळ्यात राहायला आलेल्या आईबाबांना पहिल्याच आठवड्यात बेसमेंटमध्ये नेऊन मेन व्हॉल्व्ह दाखवा, त्यांच्याच हाताने एकदा फिरवून घ्या. मुलगा-सून कामावर असताना पाइप फुटला, तर घरात तेच असतात.