ताळा बघितल्याशिवाय फोन विकू नये

अगं, नवा फोन घेतलास, छान झालं. पण जुना विकण्याआधी मामाचं थोडं ऐकून जा. बँकेत जन्मभर लेजरं सांभाळली; तुमचं ते सिंक मला त्याच जातीचं वाटतं.

पहिलं, मूळ वही एकच ठेवायची. तुझे निम्मे नंबर सिमवर, काही फोनमध्ये, काही गूगलवर. सगळे गूगल अकाउंटमध्ये आण. नवा नंबर सेव्ह करताना कुठलं खातं दिसतंय ते बघ. घाईत तिथे 'फोन' राहिलं, तर फोन गेला की नंबरही गेला.

दुसरं, सिंक झालं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नकोस. मी समजलो होतो! जागा हवी म्हणून तुझ्या मामीच्या साठीचे फोटो गूगल फोटोजमधून डिलीट केले. म्हटलं, वर आहेतच की. संध्याकाळी टॅबवर बघतो, तर तिथूनही साफ. एकीकडे खोडलं की सगळीकडे खोडायचं, हेच त्याचं काम. नशीब, बॅकअप झालेले फोटो तिथल्या ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात, म्हणून घरात तोंड दाखवता आलं. जागाच हवी तर 'फ्री अप स्पेस' वापर. त्याने फोनमधली प्रत जाते, वरची राहते.

तिसरं, ड्रॉपबॉक्समधल्या हिशेबाच्या फाइलवर हिरवी खूण येईपर्यंत लॅपटॉप मिटायचा नाही. नाहीतर ऑफिसात जुनीच फाइल उघडशील, तिच्यात भर घालशील, आणि पुढ्यात दोन फाइली येतील: एक नेहमीची, एक 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी'. दोन्ही खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. मग बस ओळीला ओळ लावत.

चौथं, गूगलचे फुकटचे 15 जीबी फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून असतात. ते भरले की फोटो वर जायचे थांबतात, मेलही येत नाही. अधूनमधून डोकावत जा.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं हार्ड डिस्कवर उतरव. उतरलं की वायर काढून डिस्क कपाटात. जोडलेलीच ठेवलीस आणि लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला, तर तीही सुटायची नाही.

आमच्याकडे पैशाचा फरक असला तरी ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. तूही दोन्ही फोन शेजारी ठेवून मोज: नंबर किती, फोटो किती. चार कमी भरले, तर आधी ते चार शोध. रिसेट त्यानंतर.