नागपूर ते मुंबई : विमानाला किती वेळ लागतो?

प्लेसमेंटचे दिवस आले की होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो. मुंबईत सकाळी दहाला इंटरव्ह्यू आहे, विमानाने जायचं की रेल्वेने? तिकिटाच्या दरावर रात्रभर चर्चा होते, वेळेचं गणित मात्र कोणी मांडत नाही.

आधी अंतर काढू. कॉन्व्हेंटमध्ये मी लॅटिट्यूड-लाँगिट्यूड म्हणत शिकलो, अक्षांश-रेखांश हे शब्द रूममेटने दिले. सोनेगाव विमानतळ साधारण २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व, मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशांतला फरक २ अंश, आणि एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., म्हणून २२२ कि.मी. रेखांशांतला फरक ६.१८ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (०.९३९) गुणायचं. आले ६४४ कि.मी. आता आपला जुना पायथागोरस लावा : सुमारे ६८० कि.मी. गोल पृथ्वीचं मोठं सूत्र लावलं तरी दोन-तीन कि.मी.चाच फरक पडतो. (मुंबई-न्यूयॉर्कला मात्र हा शॉर्टकट चालणार नाही.) रेल्वेने हेच अंतर ८३७ कि.मी. आहे.

जेट विमानाचा वेग ताशी ८३० कि.मी. धरला तर ४९ मिनिटं. मग टाइमटेबलमध्ये दीड तास का? कारण तो वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढताना-उतरताना कमी वेग, मुंबईवर गर्दी असली तर आकाशात घिरट्या. शिवाय हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात. समोरून ताशी १०० कि.मी. वारा असेल तर ४९ ची ५६ मिनिटं होतात. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणून ४४.

याहून सुंदर गणित सोनेगावने रोज रात्री सोडवलेलं आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत! वरच्याच रीतीने दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५ कि.मी. येतं. डकोटा विमानाचा वेग ताशी २७० धरा : मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून तीन तास चाळीस मिनिटं. म्हणजे एकाच वेळी पोचायचं तर कलकत्त्याच्या विमानाने मुंबईच्या सुमारे एक तास दहा मिनिटं आधी निघायला हवं. भेटीची वेळ धरून उलटं मोजत यायचं, हीच खरी युक्ती.

आता पारशिवनीहून तसंच उलटं मोजू. दहाला पोचायचं, तर मुंबई विमानतळाबाहेर आठला. उतरायचं साडेसातला, उड्डाण सहाला, सोनेगावला चारला. गावापासून नागपूर चाळीसेक कि.मी., पुढे शहर ओलांडायचं. म्हणजे घरून अडीचला निघणं आलं. त्या वेळी एसटी कुठली? गाडी सांगा, नाहीतर आदल्या रात्री नागपुरात कोणाकडे तरी मुक्काम करा. ४९ मिनिटांसाठी एक अख्खी रात्र गेली ती गेलीच. विदर्भ एक्सप्रेसमध्ये निदान आडवं तरी होता येतं.

मी जाताना रेल्वे, येताना विमान असं ठरवलंय. येताना वाराही पाठीशी असतो. रेल्वेचं वेटिंग मात्र अजून बारा आहे.